ग्रंथालयाचा देवघेव प्रोग्राम : बांधणी आणि वितरणाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

लालबागमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी देवघेव आणि दाखल नोंदवही सांभाळणारा प्रोग्राम तयार करण्याचे काम आज हाती घेतले. ग्रंथालय शासनमान्य ‘ब’ वर्गाचे असून तेथे साधारण अठरा हजार पुस्तके आहेत. जुना प्रोग्राम ज्या संगणकावर होता त्याची हार्ड डिस्क मे महिन्यात गेली. ग्रंथपाल बाईंनी मार्चअखेरीस ग्रंथांची आणि सभासदांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) स्वरूपात काढून ठेवली होती, म्हणून आज हातात काहीतरी आहे.

आधी तिथले संगणक पाहून घेतले, कारण प्रोग्राम कशात लिहायचा यापेक्षा तो कुठे चालायचा आहे हा प्रश्न मला पहिला वाटतो. देवघेवीच्या काउंटरवर विंडोज १० आहे. आतल्या कार्यालयात ४ जीबी रॅमचा जुना संगणक आहे आणि त्यावर विंडोज ७ आहे. कार्यवाह वार्षिक अहवाल घरी बसून स्वतःच्या मॅकबुकवर तयार करतात आणि त्यांनाही यादी उघडून पाहायची आहे. म्हणजे एका छोट्या ग्रंथालयात तीन वेगवेगळ्या प्रणाली निघाल्या. काउंटरवर इंटरनेट नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम करावा ही सूचना बाजूला ठेवली. जे द्यायचे ते पेन ड्राइव्हवरून द्यायचे, आणि मी तिथे नसताना ते चालले पाहिजे.

विंडोज ७ चा निर्णय लगेच घेतला. मायक्रोसॉफ्टने तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. तिच्यावर चालणारी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची शेवटची आवृत्ती ३.८ होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या आवृत्तीचीही मुदत संपली. एका संगणकासाठी जुन्या आवृत्तीवर वेगळे बिल्ड (चालवायला तयार असा बांधलेला प्रोग्राम) सांभाळत बसण्यापेक्षा त्या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकावी असे ठरले. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, म्हणून ते जमेल. उद्या लॅमिंग्टन रोडवरून एक एसएसडी आणायची आहे.

५ जून २०२५, गुरुवार

भाषा पायथनच ठेवली. माझ्यानंतर हे काम ज्या कोणाकडे जाईल त्याला स्रोत (प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर) उघडून वाचता आला पाहिजे, आणि महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलांना आज पायथन येते. मात्र या सोयीची किंमत वितरणाच्या वेळी मोजावी लागते. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या पायावर चालत नाही. त्याला स्रोत वाचून चालवणारा इंटरप्रिटर लागतो, इंटरप्रिटरला त्याची मानक लायब्ररी (तयार कोडचा संच) लागते, खिडक्या आणि बटणे दाखवणारी लायब्ररी वेगळी लागते, आणि हा सगळा संसार बरोबर बांधून न्यावा लागतो. काउंटरवर बसलेल्या माणसाला ‘आधी पायथन इन्स्टॉल करा’ असे सांगणे मला मान्य नाही.

खिडक्यांसाठी पहिली पसंती टीकिंटरला, म्हणजे टीके ही खिडक्यांची लायब्ररी पायथनमधून वापरण्याच्या सोयीला, होती. जॉन आउस्टरहाउट यांनी टीसीएल भाषेसाठी रचलेले टीके पायथनबरोबर येते, आकाराने लहान आहे, आणि साध्या फॉर्मसाठी पुरते. एका तासात सभासद नोंदणीचा फॉर्म उभा राहिला. माझ्या विंडोजवर ‘किल्ला’, ‘स्त्री’, ‘ग्रंथालय’ ही अक्षरे नीट उमटली. मग तोच फॉर्म लिनक्सवर उघडला आणि ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन पडली, ‘ल्ल’ जुळले नाही आणि हलंत चिन्ह उघडे राहिले. ‘स्त्री’ची तीन तुकड्यांत फोड झाली होती. लिनक्सवरचे टीके फॉन्टमधून एकेक चिन्ह उचलून ओळीत मांडते. देवनागरीत चिन्हांची जागा बदलावी लागते आणि त्यांची जोडाक्षरे करावी लागतात, ते काम तिथे होतच नाही. फॉन्ट बदलून पाहिला, पण दोष फॉन्टचा नसल्यामुळे काही फरक पडला नाही.

मराठी ग्रंथालयाच्या प्रोग्राममध्ये पुस्तकाचे नाव चुकीचे दिसणे म्हणजे काय, हे वेगळे लिहायला नको. टीकिंटर सोडले.

११ जून २०२५, बुधवार

क्यूट ही खिडक्यांची दुसरी लायब्ररी घेतली. त्यात अक्षरजुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, त्यामुळे लिनक्सवरही वेलांटी जागेवर आली. पायथनमधून क्यूट वापरण्याचे दोन मार्ग आहेत. पायक्यूटचा परवाना जीपीएल (यात वाटलेल्या प्रोग्रामचा स्रोतही त्याच परवान्याने खुला ठेवावा लागतो) किंवा व्यावसायिक आहे, तर पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल मुक्त परवान्याखाली मिळते. ग्रंथालयाला उद्या हा प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यावासा वाटला तर परवान्यावरून अडचण येऊ नये म्हणून पायसाइड ६ निवडले. पूर्ण संच न घेता फक्त ‘इसेन्शियल्स’ हा भाग घेतला, कारण उरलेल्या भागात आख्खे ब्राउझर इंजिन येते आणि आपल्याला त्याचा काही उपयोग नाही.

प्रोग्रामसोबत फॉन्टही द्यायचे ठरवले. ‘या संगणकावर मराठी फॉन्ट असेलच’ असे गृहीत धरले तर तीन संगणकांवर तीन तऱ्हेची पाने दिसतात आणि छापील पावतीत ओळी मागेपुढे होतात. आपल्याच मुंबईतल्या एक टाइपने तयार केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. बारीक आकारातही त्याचे जोडाक्षर वाचता येते.

२० जून २०२५, शुक्रवार

पायइन्स्टॉलरने पहिले बिल्ड केले. हे साधन मुख्य फाइलपासून सुरुवात करून कोणकोणती मॉड्यूल लागतात याचा माग काढते, इंटरप्रिटरसकट सगळे एकत्र बांधते, आणि ज्या प्रणालीवर चालवावे त्याच प्रणालीसाठी बिल्ड देते. विंडोजवर बसून मॅकचे किंवा लिनक्सचे बिल्ड निघत नाही.

‘एकच फाइल’ हा पर्याय निवडला, कारण बाईंना पेन ड्राइव्हवर एकच गोष्ट दिसावी असे वाटले. काउंटरच्या संगणकावर ती उघडायला अकरा सेकंद लागली. उघडल्यानंतर मात्र सगळे ठीक चालले. फाइल तिथेच ठेवून आलो.

२३ जून २०२५, सोमवार

आज सकाळी बाईंचा फोन आला. ‘‘शनिवारी दिवसभर मी नवीन पुस्तकं भरली, एकोणतीस भरली. आज उघडलं तर एकही नाही. माझं काही चुकलं का?’’

त्यांचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती आणि ती पुढच्या माणसाने करू नये म्हणून येथे सविस्तर लिहितो.

एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसची फाइल कुठे ठेवायची हे मी मुख्य फाइलच्या जागेवरून ठरवत होतो. प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या शेजारी ‘डेटा’ नावाचा फोल्डर, त्यात ग्रंथालयाची फाइल. माझ्या संगणकावर स्रोतावरून चालवताना ही जागा कायमची असते. पण ‘एकच फाइल’ प्रकारच्या बिल्डमध्ये ती फाइल उघडली, की पायइन्स्टॉलर आतला सगळा माल विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये एका नव्या उपफोल्डरात सोडतो आणि तिथून प्रोग्राम चालवतो. अकरा सेकंद जात होती ती याच कामात. प्रोग्राम बंद केला, की तो उपफोल्डर पुसला जातो. म्हणजे मुख्य फाइलची जागा विचारली तर उत्तर या तात्पुरत्या उपफोल्डराचे येत होते. बाईंनी शनिवारी भरलेली एकोणतीस पुस्तके त्या उपफोल्डरात गेली आणि संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी त्यांनी प्रोग्राम बंद केला तेव्हा त्याच्यासह पुसली गेली. शुक्रवारी मी तिथे असताना प्रोग्राम एकदाही बंद करून पुन्हा उघडला नाही, म्हणून मला ते दिसले नाही.

आता नियम असा ठेवला आहे. प्रोग्रामसोबत येणाऱ्या आणि कधीही न बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे फॉन्ट, चिन्हे, पावतीचे नमुने, या बिल्डच्या आतल्या जागेवरून वाचायच्या. वापरणाऱ्याने तयार केलेली प्रत्येक गोष्ट मात्र त्या-त्या प्रणालीने वापरकर्त्याच्या माहितीसाठी राखून ठेवलेल्या जागी लिहायची. ही जागा विंडोजवर एक, मॅकवर दुसरी आणि लिनक्सवर तिसरी असते. ती हाताने लिहून काढण्याऐवजी क्यूटकडून विचारून घेतली. प्रोग्राम उघडल्यावर खालच्या पट्टीत डेटाबेसचा पूर्ण पत्ता आणि एकूण नोंदींची संख्या दिसेल असेही केले. सकाळी उघडल्याबरोबर कालचा आकडा तोच आहे ना, हे बाईंना स्वतः पाहता यावे.

संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन एकोणतीस पुस्तके मी स्वतः भरली. बाई शेजारी बसून दाखल क्रमांक वाचत होत्या.

२७ जून २०२५, शुक्रवार

काउंटरच्या संगणकावरील अँटिव्हायरसने नवे बिल्ड संशयित ठरवून उचलून ठेवले. याचे कारण पायइन्स्टॉलरच्या रचनेत आहे. प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला तयार स्वरूपात मिळणारा एक छोटा प्रोग्राम असतो, आणि इंटरप्रिटर चालू करण्याचे काम तो करतो. तोच छोटा प्रोग्राम वापरून घातक प्रोग्राम बांधणारेही लोक आहेत. त्यात ‘एकच फाइल’ प्रकारात तात्पुरत्या जागी माल सोडून तो चालवणे ही वागणूक तपासणाऱ्याच्या नजरेत भरते.

‘एकच फाइल’ सोडून दिली. आता फोल्डर स्वरूपाचे बिल्ड करतो आणि ते इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात घालून इन्स्टॉलर देतो. पेन ड्राइव्हवर एकच फाइल असावी ही मूळ इच्छा त्यानेही पूर्ण होते. उघडण्याचा वेळ तीन सेकंदांवर आला. क्यूटच्या लायब्ररी वेगळ्या फाइलींच्या रूपात राहतात, त्यामुळे वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलता आली पाहिजे ही एलजीपीएलची अट पाळणेही सरळ होते. त्या छोट्या प्रोग्रामची तयार प्रत न वापरता तो स्रोतापासून आपल्या संगणकावर बांधून घेतला आणि फाइली दाबून लहान करणारे साधन बंद ठेवले. एवढ्यावर अँटिव्हायरसची तक्रार थांबली.

विंडोजची स्वतःची निळी सूचना मात्र अजून येते, कारण इन्स्टॉलरवर कोणाची डिजिटल सही नाही. सहीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते, आणि जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणावरच ठेवण्याचे बंधन आहे. एका संस्थेच्या एका काउंटरसाठी हा खर्च मी सुचवणार नाही. दहा संस्थांना द्यायची वेळ आली तर सहीशिवाय देऊ नये असे माझे मत आहे, कारण सूचना वाचून मागे फिरणे हीच लोकांची योग्य सवय आहे आणि ती आपण मोडू नये.

४ जुलै २०२५, शुक्रवार

जुन्या यादीची आयात माझ्या लिनक्सवर सुरळीत झाली आणि विंडोजवर पहिल्याच ओळीला पडली. पायथनला फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे संगणकाच्या आकड्यांत मांडण्याची पद्धत) सांगितले नाही तर विंडोजवर तो तिथले स्थानिक एन्कोडिंग धरतो, यूटीएफ-८ नाही. प्रत्येक ठिकाणी ते स्पष्ट लिहिले. एक्सेलसाठी निर्यात करताना फाइलच्या आरंभी बीओएम (एन्कोडिंग ओळखता यावे म्हणूनची खूण) घालावा लागतो, नाहीतर मराठीच्या जागी चिन्हांची गर्दी दिसते.

१० जुलै २०२५, गुरुवार

कार्यालयातल्या डेबियनवर आजचा पूर्ण दिवस गेला. माझ्या उबुंटू २४.०४ वर केलेले बिल्ड तिथे ‘जीलिबसी २.३८ सापडत नाही’ असे सांगून थांबले. लिनक्सवर जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीलिबसी या मूळ लायब्ररीवर उभा असतो. नव्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर चालेलच असे नाही. जुन्यावर बांधलेला नव्यावर चालतो. उबुंटू २४.०४ मध्ये ती २.३९ आहे आणि डेबियन १२ मध्ये २.३६. पायइन्स्टॉलर बाकी सगळे बांधून घेतो, पण ही लायब्ररी समोरच्या प्रणालीवरच सोडतो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून बिल्ड सर्वांत जुन्या प्रणालीवर करायचे. डेबियन ११ चा कंटेनर (माझ्याच संगणकाच्या आत चालणारी वेगळी प्रणाली) तयार केला, त्यात जीलिबसी २.३१ आहे. तिथले पायथन जुने असल्यामुळे ३.१२ स्रोतापासून बांधले. पहिल्या प्रयत्नात ते शेअर्ड लायब्ररीशिवाय (म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल अशा वेगळ्या फाइलीशिवाय) बांधले गेले आणि पायइन्स्टॉलरने ते स्वीकारले नाही, तेव्हा तो पर्याय देऊन पुन्हा बांधले. त्यानंतरही डेबियनवर खिडकी उघडेना, कारण क्यूट ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर ही छोटी लायब्ररी लागते आणि ती तिथे नव्हती. कंटेनरमध्ये ती बसवल्यावर पायइन्स्टॉलरने ती आपणहून उचलली.

रात्री साडेआठला ग्रंथालय बंद करायच्या वेळी खिडकी उघडली.

२४ जुलै २०२५, गुरुवार

बाईंनी दाखवलेला दोष: यादीत ‘ळ’ हे ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येते. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात या अक्षरांचे क्रमांकच तसे आहेत आणि एसक्यूलाइट नुसते क्रमांक पाहून क्रम लावते. बाईंनी जुन्या कार्डांचा खण ओढून दाखवला. त्यात ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’ अशी पत्रके होती. सभासद वीस वर्षे याच क्रमाने शोधत आले आहेत, तेव्हा प्रोग्रामनेही तोच पाळावा असा त्यांचा आग्रह होता आणि तो रास्त आहे.

क्रम लावण्याची सोय क्यूटमध्ये आहे, पण तिच्या मागे प्रत्येक प्रणालीची वेगळी यंत्रणा असते. काउंटरवर एक क्रम आणि कार्यवाहांच्या मॅकवर दुसरा, असे होऊ द्यायचे नव्हते. म्हणून क्रमाचे छोटे फंक्शन पायथनमध्येच लिहिले आणि ते एसक्यूलाइटला जोडले. स्क्रिप्टिंग भाषेचा फायदा अशा वेळी कळतो: तेच फंक्शन तिन्ही प्रणालींवर अक्षरशः तेच राहते.

शोधातही असाच दोष होता. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो, नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात आणि शोधताना जुळत नाहीत. ‘ॲ’चेही तसेच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि अनेक जुन्या नोंदींत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेले आहे. शोधापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणणारी तक्ती लिहिली.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

मॅकचे बिल्ड. माझ्याकडे मॅक नाही. गिटहब ॲक्शन्स या ऑनलाइन सेवेवर मॅकचे संगणक भाड्याने मिळतात, तिथे बिल्ड केले. कार्यवाहांचे यंत्र ॲपलच्या स्वतःच्या चिपचे असल्यामुळे बिल्डही त्याच जातीचे घेतले.

खरी अडचण उघडण्याची आहे. नोटरायझेशनसाठी, म्हणजे प्रोग्राम ॲपलकडून तपासून घेण्यासाठी, ॲपलचे वर्षाला ९९ डॉलरचे सभासदत्व लागते आणि ते आपण घेतलेले नाही. मॅकओएस १५ पासून कंट्रोल-क्लिक करून उघडण्याची जुनी वाटही बंद झाली. आता एकदा उघडण्याचा प्रयत्न करायचा, मग सेटिंग्जमधील गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात जाऊन परवानगी द्यायची. कार्यवाहांसमोर बसून हे एकदा केले. त्यांना फक्त वाचायचे आहे, म्हणून मॅकवर डेटाबेस केवळ वाचनासाठी उघडेल असे ठेवले.

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये ग्रंथालयापर्यंत पोहोचणेच अवघड होते, म्हणून ते दिवस घरी बसून अद्ययावतीकरणावर घालवले. डेटाबेसच्या आत त्याच्या रचनेचा क्रमांक लिहिला जातो. नवी आवृत्ती उघडताना तो क्रमांक पाहते, आधी पूर्ण डेटाबेसची दिनांकासह प्रत काढते, आणि मगच रचना बदलते. प्रत काढण्यासाठी फाइल नुसती कॉपी न करता एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय वापरली, कारण लिहिणे चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते.

इन्स्टॉलर प्रोग्रामचा फोल्डर बदलतो, माहितीच्या फोल्डरला हात लावत नाही. हे पाचदा जुन्यावर नवे टाकून तपासले आणि प्रत्येक वेळी खालच्या पट्टीतला आकडा तोच राहिला.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

आज विंडोज १० चा आधार संपला. काउंटरचा संगणक इंटरनेटला जोडलेला नसल्यामुळे तो लगेच बदलण्याची घाई नाही, पण पुढच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद असावी असे पत्र कार्यवाहांना दिले. पेन ड्राइव्ह येत-जात असतात, तेवढा धोका राहतोच. बदलताना विंडोज ११ घेतले काय किंवा डेबियन घेतले काय, दोन्हींचे बिल्ड तयार आहे.

आवृत्ती १.२ आज बाईंनी स्वतः बसवली. मी खुर्ची मागे ओढून बसलो आणि काही बोललो नाही. निळी सूचना आली तेव्हा त्यांनी भिंतीवर लावलेला कागद वाचला, त्यावर लिहिल्याप्रमाणे ‘अधिक माहिती’ उघडली, प्रकाशकाच्या जागी काय दिसते ते ताडून पाहिले आणि पुढे गेल्या. प्रोग्राम उघडल्यावर त्यांची नजर आधी खालच्या पट्टीकडे गेली. १८,२१४. त्यांनी टेबलावरच्या वहीत कालचा आकडा पाहिला आणि पहिल्या सभासदाचे पुस्तक हातात घेतले.

तिन्ही प्रणालींचे इन्स्टॉलर, संपूर्ण स्रोत, फॉन्ट, बिल्ड कसे करायचे याचे टिपण आणि या नोंदी एका पेन ड्राइव्हवर घालून बाईंकडे दिल्या. त्यांनी तो पेन ड्राइव्ह जडवस्तू नोंदवहीत चढवला, क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि दाखल नोंदवह्यांच्या कपाटात ठेवला.